उत्तर: पोराला स्वस्तातला छंद

गिटार, कॅमेरा परवडणार नाही आणि १५ वर्षांचं पोरगं मोबाईल सोडत नाही म्हणालात ना, मग त्याला आंब्याची कलमं बांधायला शिकवा की! रत्नागिरीत राहता, पावसाच्या तोंडाला परसात कोयींचा ढीग असतो, त्या रुजत घालायच्या, कोंब येऊन पानं तांबूस असतानाच शेंडा छाटून मधोमध उभी चीर द्यायची, हापूसची तेवढ्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने गच्च बांधायची, झालं कोय कलम. रोपं लावायला पिशव्या दुधाच्या चालतात, खाली भोकं पाडून. खर्च काय तो ब्लेडचा (बोटं सांभाळून, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे).

मी नववीत असताना २० बांधली, जगली ३. कारण मी रोज पट्टी सोडून बघायचो धरलं की नाही, आजी जाम वैतागायची! पुढच्या वर्षी हात लावला नाही तर ११ धरली, शेजारच्या काकांनी त्यातली ४ विकत पण घेतली.

जवळपास कोणाची नर्सरी असेल तर आधी दोन दिवस नुसतं बघायला पाठवा, आणि पोराला ऑगस्टच्या आत सुरू करायला सांगा, नंतर नको.