उतारा, वाण आणि ‘आनुवंशिक’: शुगरला नेमकं काय म्हणायचं?

मलप्रभाकाठ:
खानापूर तालुक्यातल्या एका आरोग्य शिबिरासाठी चार पानी पत्रक मराठीत करतेय. मूळ कन्नडमध्ये आहे. शुगर, बीपी, चरबी, हार्टचा त्रास, आणि हे सगळं एकाच घरात का दिसतं, असा विषय. तीन ठिकाणी गाडी अडलीय.

पहिलं ‘आनुवंशिक’. कन्नडमध्येही हाच शब्द, तसाच उचलला असता तरी चाललं असतं. पण मसुदा आत्याला वाचून दाखवला. ती शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, “म्हणजे उताऱ्यावरचं नाव गं. अण्णांना शुगर होती, ते गेले, वारसा लागला, माझं नाव चढलं. आता त्यात तू काय करणार आणि डॉक्टर काय करणार?” आणि चहात दोन चमचे साखर घातली. जे सांगायला पत्रक काढतेय, त्याच्या बरोब्बर उलटा अर्थ तिनं त्या एका शब्दातून काढला.

दुसरं ‘चयापचय’. मागच्या शिबिरात वापरला होता, तर तिघांनी गॅसच्या गोळ्या मागितल्या. तिसरं, जेनेटिक व्हेरिएशन. ‘जनुकीय विविधता’ लिहिलं की अभयारण्याची पाटी वाटते.

निवृत्त मास्तर, चिक्कोडी:
आधी शुद्धलेखन. अनुवंश + इक, पहिल्या स्वराची वृद्धी, म्हणून ‘आनुवंशिक’. नगर-नागरिक, समाज-सामाजिक, तसंच. ‘अनुवंशिक’ रोज छापून येतं म्हणून बरोबर ठरत नाही.

चयापचय म्हणजे चय आणि अपचय, शरीरानं जोडणं आणि मोडणं. शब्द चांगला आहे, पत्रकात नको. ‘शुगर, बीपी, चरबी’ असंच लिहा.

‘जनुक’, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या गुणाचा घटक, हा शब्द संस्कृत ‘जन्’वरून केलेला, ‘जीन’ ग्रीकवरून. पण मूळ धातू एकच. म्हणजे परका शब्द टाळायला गेलो आणि त्याच्या चुलतभावाला घरी आणलं! कन्नडात ‘वंशवाही’ म्हणतात. क्रोमोसोम म्हणजे त्यांचा ‘वर्णतंतु’, आपलं ‘गुणसूत्र’. ग्रीक ‘क्रोमा’ म्हणजे रंग, तेव्हा शब्दाच्या मुळाशी ‘वर्णतंतु’च जास्त इमानी.

वेदगंगा:
आत्यांचा शब्द टाकू नका हो. उतारा आमच्या कारखान्यात पण असतो. शंभर किलो उसातनं किती किलो साखर निघाली, तो उतारा. माझ्या दोन्ही रानांत वाण एकच, 86032. बेणंही एकाच फडातलं. एक रान नदीकडचं काळं, दुसरं माळाचं. टनेज कधी सारखं पडलंय काय? आणि तोडलेला ऊस दोन-तीन दिवस ट्रॉलीत अडकला की उतारा घसरलाच. वाण तोच असतोय. शुगरचंही तसंच लिहा की. वाण आईबापाकडनं, उतारा पुढं कसं पिकवलं त्यावर. म्हण आहेच: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

निवृत्त मास्तर, चिक्कोडी:
त्या म्हणीतला वाण म्हणजे वर्ण, बैलाचा रंग. बियाण्याचा नव्हे. पण तुमचं म्हणणं पटलं. 1909 साली ‘जीन’ हा शब्द काढणारे डेन्मार्कचे योहानसेन हेच तर करत होते, घेवड्याच्या बियांवर. एकाच शुद्ध वाणातलं मोठं बी पेरा नाहीतर बारीक बी पेरा, पुढच्या पिकाची सरासरी तीच येई. बी लहान-मोठं झालं होतं ते रानामुळे, वाणामुळे नव्हे.

सूक्ष्मदर्शक, बेळगाव:
लॅबमध्ये रोज रक्त बघतो म्हणून लिहितोय. वेदगंगा यांचं मान्य, पण काही आजारांत आत्याच बरोबर आहेत. जन्मापासून कोलेस्टेरॉल चढं ठेवणारा एक आजार आहे, साधारण 250 माणसांत एकाला. आई किंवा वडील, एकाकडे तो बिघाड असला की प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. तिथं ‘आनुवंशिक’ बिनधास्त लिहा. आणि खाली ठळक लिहा: घरात कुणाला कमी वयात अटॅक आला असेल तर भावंडांचं, मुलांचं कोलेस्टेरॉल तपासा, औषधं आहेत.

टाइप 2 शुगर अशी एका बिघाडावर चालत नाही. शेकडो ठिकाणचे बारीक फरक मिळून थोडा थोडा कल तयार होतो. त्यातला एक ठळक फरक 2006 साली टीसीएफ7एल2 या जनुकात सापडला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची; त्यांतल्या एका प्रतीत हा फरक असला की शक्यता साधारण 1.4 पट, एवढंच. 2007 साली सापडलेल्या, वजनाशी जोडलेल्या एफटीओ जनुकातल्या फरकाचं बघा: युरोपीय लोकांत दोन्ही प्रतींत तो असलेल्यांचं वजन एकाही प्रतीत नसलेल्यांपेक्षा सरासरी 3 किलो जास्त भरलं. 3 किलो! एका दिवाळीत आपण त्याहून जास्त कुंदा बघतो.

व्हेरिएशनला मी ‘पाठभेद’ म्हणेन. आपल्या पोथीत, म्हणजे पेशीतल्या सगळ्या जनुकीय मजकुरात, साधारण 300 कोटी अक्षरं, आणि दोन माणसांत हजारात एखादं अक्षर वेगळं. बहुतेक पाठभेदांनी अर्थ बदलतच नाही. काहींनी बदलतो. हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकातून 25 अक्षरं गळालेला पाठ भारतीय उपखंडात सुमारे 4 टक्के लोकांत आहे, हे 2009 मध्ये छापून आलं. त्यानं उतारवयात हृदय कमजोर होण्याची शक्यता वाढते, पण तो पाठ असलेल्या प्रत्येकाचं होत नाही.

आणि पत्रकात बारीक माणसांना सोडू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 22.3. अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2. “आम्ही कुठं जाडे?” म्हणणाऱ्याला हेच दाखवायचं. काटा नको, कंबरेला टेप लावा.

मलप्रभाकाठ:
‘पाठभेद’ सुंदर आहे, भजनी मंडळवाल्यांना लगेच कळेल. बाकीच्यांसाठी ‘अक्षराचा फरक’ ठेवते. कोलेस्टेरॉलच्या चौकटीत ‘आनुवंशिक’, शुगरच्या पानावर ‘वाण’ आणि ‘कल’. आता ‘रिस्क’ राहिलं. ‘धोका’ लिहिलं तर आत्या विचारते, धोका दिला कुणी?

वेदगंगा:
काहीही लिहा, पण ‘शुगरची लागण’ लिहू नका. मागं एका बोर्डावर वाचलं होतं. रोगाची लागण म्हणजे एकाची दुसऱ्याला, आणि आमच्यात लागण उसाची.

निवृत्त मास्तर, चिक्कोडी:
‘संभव’ लिहा. “शुगर होण्याचा संभव जास्त.” जुना शब्द, कुणाला घाबरवत नाही.

मलप्रभाकाठ:
‘संभव’ घेतला. काल संध्याकाळी सुधारलेला मसुदा आत्याला वाचून दाखवला, उसाच्या दोन रानांसकट. साखर तिनं तेवढीच घातली, दोन चमचे. मग माझ्या कपात डोकावून म्हणाली, “वाण तुझापण हाच की गं. तू किती घेतलीस?”