पोपल यांचं गणित
संगणकावर रेणूंचं गणित सोडवणारे शास्त्रज्ञ जॉन पोपल यांच्याबद्दल कुणीतरी म्हटलं, 'पोपल मूळचे गणिताचे, रसायनात चुकून आले.' हे मत मला पटलं नाही. केंब्रिजला सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ लेनर्ड-जोन्स यांच्याकडे १९५१ साली त्यांनी पीएचडी केली, तीच रेणूंच्या गणितावर. पुढे अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७० साली रेणूंचे गुणधर्म गणिताने काढणारा त्यांचा संगणक प्रोग्रॅम 'गॉसियन ७०' आला. त्यात इलेक्ट्रॉनांचं वर्णन गॉसियन, म्हणजे घंटेच्या आकाराचा आलेख असलेल्या, फलांनी (फंक्शन्सनी) करतात. दोन गॉसियन फलांचा गुणाकार पुन्हा गॉसियनच येतो, म्हणून अवघड संकलनं (इंटिग्रल्स) सोपी होतात. केंब्रिजचे शास्त्रज्ञ बॉईज यांची ही युक्ती पोपल यांनी सगळ्यांच्या हाती दिली!

जळगावला एम.एस्सी.ला असताना, बाहेर मे महिन्याचं रखरखीत ऊन, मी एसटीओ-३जी हा अशा गॉसियन फलांचा छोटा, साधा संच वापरून पाण्याच्या रेणूतल्या दोन बंधांमधला कोन काढला. उत्तर १०० अंश, प्रयोगातला १०४.५. एवढ्या साध्या गणितातून इतकं जवळ! त्या दुपारी जेवायचंही भान राहिलं नाही. १९९८चं नोबेल पोपल यांना शास्त्रज्ञ वॉल्टर कोन यांच्यासोबत मिळालं, तेही रसायनशास्त्राचंच.