मदत हवी आहे: खेळताना मुलांच्या डोक्यालाही काम मिळावं, पण मूल गोंधळून जाऊ नये, हे कसं जमवायचं?

नमस्कार मंडळी,

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा खेळाचा तास माझ्याकडे आहे आणि त्याबद्दल जाणत्यांचा सल्ला हवा आहे. क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक, पालक, सगळ्यांनीच लिहा.

धावण्या-उड्या मारण्याने मुलांचा व्यायाम होतो, त्याबद्दल वाद नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. ज्या खेळात धावता धावता विचारही करावा लागतो, तो किती अवघड ठेवला म्हणजे मुलांच्या विचारशक्तीला खरोखर फायदा होतो?

विचारशक्ती म्हणजे इथे परीक्षेतले गुण नव्हेत. अभ्यासक ज्यांना एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स म्हणतात, त्यांत मुख्यतः तीन गोष्टी येतात: सांगितलेलं डोक्यात धरून त्यावर काम करणं, उसळून येणारी कृती आवरणं आणि नियम बदलला की आपणही बदलणं. वर्गात रोज गाडं इथेच अडतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडणारी मुलं, बेरजा सोडवताना मध्येच वजाबाकी आली तरी बेरीजच करून मोकळी होणारी मुलं... शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

बर्न विद्यापीठातल्या मिर्को श्मिट आणि सहकाऱ्यांचा 2015 चा अभ्यास वाचला तेव्हा हुरूप आला होता. 10 ते 12 वर्षांची 181 मुलं, तीन गट, 6 आठवडे. एका गटाला डोकं चालवायला लावणारे सांघिक खेळ, दुसऱ्याला नुसता दम वाढवणारा व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही बाजूंनी हलके उपक्रम. दम पहिल्या दोन्ही गटांचा वाढला. पण बदललेल्या नियमाशी जुळवून घेणं फक्त सांघिक खेळवाल्यांचं इतरांपेक्षा जास्त सुधारलं. मग त्याच विद्यापीठातला 2018 चा अभ्यास हाती आला आणि मी विचारात पडले. दुसरीच्या मुलांना वर्गातच 20 मिनिटं हालचाल करायला दिली. ज्यांच्या हालचालीत डोक्यावर जास्त भार होता, ती मुलं लगेच घेतलेल्या चाचणीत नियम बदलण्यात उलट मागे पडली. पुढे 2019 मध्ये त्याच संशोधकांनी 7 ते 9 वर्षांच्या मुलांना 20 आठवडे वर्गात अशाच हालचालीचे छोटे खंड दिले, तेव्हा मात्र सुधारणा दिसली, गणितातसुद्धा.

आता माझ्या मैदानावरचं सांगते. लाल चेंडू वर धरला की उजव्या रेषेकडे पळायचं, निळा धरला की डाव्या. शिट्टी वाजली की दोन्ही नियम उलटे. सुरुवातीला शिट्टीनंतर लाल चेंडू दिसताच अर्धी मुलं उजवीकडे झेपावायची, दोन पावलांवर ब्रेक लागल्यासारखी थांबायची आणि वळायची. ते थांबणं मला फार मोलाचं वाटतं. मूल स्वतःला आवरतंय हे तिथे डोळ्यांना दिसतं. पण हळूहळू खेळ सगळ्यांच्या अंगवळणी पडला आणि ते थांबणं गेलं. म्हणून मी पिवळा चेंडू आणला, तो दिसला की खाली बसायचं. तेव्हापासून एक मुलगा चेंडूकडे बघतच नाही, शेजारच्याच्या पायांकडे बघतो. शेजारी निघाला की हा निघतो. तो पळतो, हसतो, पण विचाराचा भाग त्याच्यापुरता संपला आहे.

तर, खेळ सोपा झाला की अवघड झाला हे मैदानावर उभं राहून कसं ओळखायचं? एकाच गटात वेगवेगळ्या कुवतीची मुलं असताना काय करायचं? आणि असा तास गणिताच्या आधी ठेवावा की नंतर?

प्रतिसाद १

ताई, मी लहान मुलांना चेंडूचे खेळ शिकवतो. तुमचं ते दोन पावलांवर थांबणं हीच माझीही खूण आहे. सगळे न चुकता पळू लागले की खेळ शिळा झाला. बरीच मुलं शेजाऱ्याकडे बघू लागली की भार जास्त झाला. मुलं चुकताहेत, पण आपली आपण सावरताहेत, तिथे खेळ टिकवायचा.

नियम वाढवण्याआधी तो कशाला हात घालतोय ते बघा. तुम्ही पिवळा चेंडू आणलात तेव्हा लक्षात ठेवायचं ओझं वाढलं. शिट्टीने नियम उलटतो तेव्हा मनाला वळावं लागतं. 'सांगितल्यावर जागीच थिजायचं' असा खेळ घेतला तर आवरण्याचा सराव होतो. तिन्ही एकदम नकोत. पिवळा काही दिवस बाजूला ठेवा आणि शिट्टीऐवजी दुसरी खूण करा, हात वर किंवा टाळी. नियम तेवढेच राहतील, सवय मात्र मोडेल.

त्या मुलासाठी एक करून बघा. सगळ्यांच्या दंडाला दोन रंगांच्या पट्ट्या बांधा आणि प्रत्येक रंगाचा नियम वेगळा ठेवा. शेजाऱ्याची पट्टी दुसऱ्या रंगाची असली की त्याच्या मागे जाऊन चालत नाही. पण त्याआधी त्याला खूण देणारा करा. चेंडू त्याच्या हातात द्या आणि कोण चुकलं ते त्यालाच सांगू द्या. पळण्याची घाई नसताना नियम डोक्यात पक्का बसतो.

आणखी एक, हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं. चुकलं की बाद, असे खेळ या कामाला ठेवू नका. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच आधी बाहेर जाऊन बसतो. एडेल डायमंड आणि कॅथलीन ली यांनी 2011 मध्ये 4 ते 12 वर्षांच्या मुलांसाठीच्या उपक्रमांचा आढावा घेतला होता. त्यात दोन गोष्टी ठळक आहेत: आव्हान सतत थोडं थोडं वाढत राहायला हवं आणि ज्यांच्या या क्षमता सुरुवातीला कमी असतात त्यांनाच सर्वाधिक लाभ होतो. त्यांनाच बसवून ठेवलं तर सगळा खटाटोप कशासाठी?

प्रतिसाद २

वरच्या दादांशी सहमत, पण नुसतं धावणं अगदीच कमी लेखू नये. कॅथरीन डेव्हिस आणि सहकाऱ्यांचा 2011 चा अभ्यास बघा. वजन जास्त असलेली 7 ते 11 वर्षांची 171 मुलं होती. काहींना शाळेनंतर रोज 20 मिनिटं, काहींना 40 मिनिटं दम लागेल असे खेळ दिले. जास्त वेळ खेळलेल्यांना योजना आखण्याच्या चाचणीत जास्त फायदा झाला. त्यातही दोरीउड्या, पळापळीचे आणि चेंडूचे खेळच होते, एका जागी पळवणारं यंत्र नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते. तेव्हा नियम समजावण्यात निम्मा तास गेला, तर व्यायामही बुडतो आणि मुलं कंटाळतात ते वेगळंच. नियम एका वाक्यात सांगता येत नसेल तर तो त्या दिवशी घेऊ नये, असं माझं मत.

प्रतिसाद ३

वेळेबद्दल: कठीण खेळानंतर लगेच गणिताची चाचणी नको, हे तुम्ही दिलेल्या 2018 च्या अभ्यासावरूनच दिसतं. मात्र हेनिंग बुडे आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये 13 ते 16 वर्षांच्या मुलांना 10 मिनिटं समन्वयाचे (हात, पाय, नजर यांचा मेळ साधणारे) व्यायाम दिले, तेव्हा साध्या खेळाच्या तासापेक्षा त्यांचं लक्ष लगेचच जास्त सुधारलं. ती मुलं तुमच्यापेक्षा मोठी. तरी गणिताआधी थोडा वेळ दोन्ही हातांनी चेंडू आपटणं, डाव्या-उजव्या हाताने आळीपाळीने झेलणं एवढंच घ्यावं आणि नियम उलटवणारे खेळ शेवटच्या तासाला ठेवावेत.

धागाकर्ती

मनापासून आभार. पट्ट्यांची कल्पना फारच आवडली, आणि बाद न करण्याचं तर पूर्ण पटलं. त्या मुलाला आधी खूण देणारा करते, मग पट्ट्या आणते. पिवळा चेंडू सध्या कपाटात. एकच शंका उरली: नवा नियम मुलांनाच ठरवू द्यावा का?

प्रतिसाद १

जरूर द्या ताई. नियम बनवताना मूल पुढचा विचार करतं, 'असं केलं तर सगळे एकाच बाजूला जातील' हे त्याला खेळाआधीच दिसायला लागतं. फक्त दोन अटी घाला: नियम एका वाक्यात बसायला हवा आणि त्याने कोणी बाद व्हायला नको. ठरवणारी मुलं दर वेळी बदला, नाहीतर धीट असतात तीच ठरवत राहतात. एखादा नियम फसला तर तुम्ही दुरुस्त करू नका. खेळ थांबवून त्यांनाच विचारा की कुठे अडलं.