‘उद्या बघू’ म्हणणाऱ्यांसाठी: तुम्ही कसे गेलात?

माझ्या धाकट्या भावाला उपचारांचं विचारलं की ‘उद्या बघू’ म्हणतो. ज्यांनी दारूसाठी उपचार घेतले किंवा घरच्यांना नेलं, त्यांनी लिहा. पहिल्या दिवशी दारापर्यंत पोचलात कसे? उपदेश नको, तो घरात भरपूर आहे.

पुणे, वय ५१
मी सोडायला गेलोच नव्हतो, बायकोची कटकट थांबवायला गेलो. माझा युक्तिवाद पक्का होता: दर वर्षी श्रावण पाळतो, म्हणजे दारू माझ्या ताब्यात आहे. (विसर्जनाच्या रात्री सगळी वसुली व्हायची, ते सोडा.) डॉक्टरांनी किती पिता हे विचारलंच नाही. “सकाळची कधीपासून लागते?” एवढंच. आधी नाइंटी, मग दाढी, नाहीतर वस्तरा धरवत नव्हता. खोटं बोलता आलं नाही. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहिलो. तिथे १९८६पासून माणसं येताहेत, मी काही जगावेगळा नव्हतो.

नाशिक, गृहिणी
हे येईनात, म्हणून मीच अल-अनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाच्या, मीटिंगला जायला लागले. ऑफिसात फोन करून ‘ह्यांना ताप आहे’ सांगणं बंद केलं. साहेबांचा फोन ह्यांनाच घ्यावा लागला. दोन महिन्यांनी स्वतःच म्हणाले, “चल, कुठे जायचंय?”

सोलापूर, नर्स
माझ्या वडिलांबद्दल लिहिते. रोज पिणारा माणूस. गणपतीत ‘दहा दिवस शिवणार नाही’ म्हणाले आणि एकदम बंद केली. तिसऱ्या रात्री अंथरुणात बसून चादरीवरच्या मुंग्या वेचत होते. चादर कोरी होती. तेव्हा मी शाळेत होते, आता कळतं. रोज पिणाऱ्याने घरी एकदम थांबवलं तर एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, मग भास, जिवावरही बेततं. रुग्णालयात गोळ्या देऊन हळूहळू कमी करतात, व्हिटॅमिन बी-१ची इंजेक्शनं देतात. हिंमत दाखवायची तर डॉक्टरांसमोर आकडा खरा सांगण्यात दाखवा. कुठे जायचं कळत नसेल तर व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ लावा, फोन फुकट आहे.

ठाणे
दोनदा स्लिप झालो, म्हणजे सोडून परत प्यायलो. तिसऱ्यांदा जाताना तोंड लपवत होतो. रजिस्टरवाले म्हणाले, “आलात? चहा घ्या आधी.”

धागा सुरू करणारी
मुंग्यांचं भावाला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ताई, मला दिवाळीत पाली दिसल्या होत्या.” घरात कुणालाच माहीत नव्हतं.