मदत हवी: अगत्ती (लक्षद्वीप) ते पोर्ट ब्लेअर (अंदमान) विमानाने अंतर आणि वेळ किती?

सांबरेकर: अंतर एका साइटवर 2245, दुसरीकडे 1395, तिसरीकडे 1212. खरं कुठलं? वेळ 3 तास 10 मिनिटं दाखवतंय, पण तिकीटच दिसत नाही. आजच बुकिंग करायचंय, लवकर सांगा की ओ.

खानापूरकर: कधी जाणार? किती जण? लक्षद्वीपचं परमिट झालंय का?

सांबरेकर: अंतर विचारलंय, परमिट नाही.

गणित_पक्कं: तिन्ही बरोबर. 2245 किलोमीटर, 1395 साधे मैल, 1212 सागरी मैल (एक म्हणजे 1.852 किमी). वेळेवर मात्र जाऊ नका. साइट अंतराला जेटच्या वेगाने भागते, वर चढउताराचा अर्धा तास धरते, झालं. अगत्तीची धावपट्टी जेमतेम 1200 मीटर, दोन्ही टोकांना समुद्र. तिथे एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) उतरतं, एअरबस 320 सारखं मोठं जेट नाही. एटीआरचा वेग ताशी 500 च्या आसपास, आणि सीटा भरून 2245 किमीचं इंधन त्याला पेलत नाही. आखूड पट्टीवरून उठायला वजन आधीच कमी ठेवतात, पट्टी ओली असली की आणखी कमी. थेट विमान मिळणारच नाही.

निपाणीचा: कोचीच्या नादाला लागू नका. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याचं मोपा विमानतळ गाठा, तिथून अगत्तीला एटीआर बघा.

गणित_पक्कं: ते बेळगाव–अगत्ती झालं. प्रश्न पुढचा आहे. अगत्ती–कोची 467, कोची–चेन्नई 518, चेन्नई–पोर्ट ब्लेअर 1374. बेरीज 2359, म्हणजे सरळ रेषेपेक्षा 114 किमीच जास्त. हवेत पाचेक तास. बाकी वेळ कोचीत आणि चेन्नईत बसण्यात जातो. तिन्ही टप्पे एकाच पीएनआरवर मिळाले तर घ्या, नाहीतर कोचीत रात्र धरा. अगत्तीचं विमान हवेपायी रद्द झालं तर वेगळ्या तिकिटाचे पैसे बुडाले समजा.

चंदगडी: परमिटला पोलीस दाखला लागतो. 'आपले सरकार'वर अर्ज टाका.

खानापूरकर: अहो, ते तुमच्या महाराष्ट्रात. बेळगावचा पत्ता असेल तर कर्नाटकचं सेवासिंधू पोर्टल. अंदमानला भारतीयांना असलं परमिट नको, मुख्य बेटांपुरतं तरी.

निपाणीचा: घड्याळ किती पुढे करायचं?

गणित_पक्कं: अजिबात नाही. आपली वेळ 82.5 अंश रेखांशाची. अगत्ती त्याच्या पश्चिमेला दहा अंश, पोर्ट ब्लेअर पूर्वेला दहा. म्हणून एकीकडे ऊन 41 मिनिटं उशिरा, दुसरीकडे 41 मिनिटं लवकर. पोर्ट ब्लेअरला हिवाळ्यात पाचनंतर अंधार, उतरल्यावर फिरायचा बेत ठेवू नका.

सांबरेकर: चेन्नईहून शोधलं तर सारखं बेळगावच येतंय!

खानापूरकर: विमानतळाचा कोड आयएक्सजी टाकलाय. ते आपलं बेळगावचं सांबरा विमानतळ. पोर्ट ब्लेअर आयएक्सझेड. गावाचं नाव 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं, कोड तोच आहे. आता तारीख सांगा.