रात्री दाढ ठणकतेय, लवंगेचं तेल लावू का?

वहिनी (टिळकवाडी): छोटीची दाढ ठणकतेय. चार वर्षांची पोर, संध्याकाळपासून रडतेय. घरात लवंगेचं तेल आहे. बोळा भिजवून ठेवू का?

आत्या (शहापूर): नको गं बाई! तेल फार जहाल, हिरडी भाजते. एवढ्याशा पोरीच्या पोटात चमचाभर गेलं तरी जिवावर बेततं, यकृत खराब होतं. आधी ती बाटली वरच्या फळीवर ठेव.

वहिनी: मग अख्खी लवंग धरायला देऊ?

आत्या: ते मोठ्यांनी करायचं. तिच्या घशात अडकेल. कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरायला लाव, गालाला बाहेरून गार फडकं. सकाळी दातांच्या डॉक्टरांकडे ने. तोंड सुजलं किंवा ताप आला तर रात्रीच निघा.

काका (वडगाव): आत्यांचं ऐक. लवंगेतल्या युजेनॉलनं दाढ बधिर होते, कीड जात नाही. डॉक्टर झिंक ऑक्साइडमध्ये हेच कालवून तात्पुरतं भरतात, दवाखान्यात येतो तो वास त्याचाच. मी महिनाभर लवंग चघळत दुखणं रेटलं आणि शेवटी दाढ काढावी लागली.

मामी (खानापूर): आणि लवंग तरी खरी मिळते का? गेल्या वेळी बाजारातून आणलेली नुसती काडी, वास नाही.

आत्या: तेल काढून घेतलेली असणार. वाटीभर पाण्यात टाकून बघा की. चांगली लवंग बुडते, नाहीतर डोकं वर करून उभी राहते. तेल गेलेली आडवी तरंगते. नखानं देठ दाबला की बोट तेलकट झालं पाहिजे. लवंग म्हणजे न उमललेली कळी, म्हणून डोक्यावरचं बोंड शाबूत बघूनच घ्यायची.

काका: मूळची इंडोनेशियाच्या मलुकू बेटांवरची. आता आपल्या दक्षिण कन्नडातही पिकते. कन्याकुमारीच्या लवंगेला तर २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

मामी: नारळीभाताला किती घालता आत्या? माझा कडवट होतो.

आत्या: वाटीभर तांदळाला चार, फार तर पाच. तूप मंद तापवायचं, लवंग फुगली की लगेच तांदूळ परतायचे. तिचा वास तुपातच उतरतो. काळी पडू दिली की कडू झालीच. मसाल्यालाही तेच, लवंग सगळ्यात शेवटी भाजायची.

वहिनी (सकाळी ७.१०): पहाटे झोपली. ताप नाही, सूज नाही. दहाची वेळ मिळालीय.

आत्या: येताना इकडंच या. मऊ भात करून ठेवते तिच्यासाठी, बिनलवंगेचा.