पाळतीविरुद्धच्या मोहिमांतून नेमके काय साधले?

शंकासूर:
११ फेब्रुवारी २०१४ रोजी हजारो संकेतस्थळांनी सरकारी पाळतीच्या निषेधाचे फलक झळकवले आणि अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना फोन किंवा ईमेल करण्याचे आवाहन केले. अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी जून २०१३ मध्ये तिच्या पाळतीची जी कागदपत्रे उघड केली, त्यांवरचा संताप तेव्हा ताजा होता. त्याआधी १८ जानेवारी २०१२ रोजी इंटरनेटवरील स्वामित्वहक्काचे उल्लंघन रोखण्यासाठी आणलेल्या 'सोपा' या अमेरिकी विधेयकाविरुद्ध इंग्रजी विकिपीडिया २४ तास बंद राहिला आणि दोनच दिवसांत ते विधेयक बासनात गेले. पाळतीच्या बाबतीत तसे का घडले नाही? अशा मोहिमांचा खरोखर उपयोग होतो, की सही करणाऱ्याला समाधान मिळते एवढेच?

आडवळण:
ही तुलनाच फसवी आहे. 'सोपा' मंजूर व्हायचे होते, त्यामुळे नुसता नकार पुरेसा होता. शिवाय स्वामित्वहक्काच्या उल्लंघनाची जबाबदारी अंगावर येणार म्हणून बड्या कंपन्याही विरोधात उतरल्या होत्या. पाळत मात्र आधीपासून चालू होती, तिला परवानगी देणाऱ्या न्यायालयाचे कामकाज बंद दाराआड चालत होते, आणि ती थांबवावी असे म्हणणाऱ्या लोकप्रतिनिधीला उद्या हल्ला झाला तर खापर आपल्याच माथी फुटेल ही धास्ती होती. कंपन्यांचे म्हणाल, तर त्यांचा आक्षेप सरकारने त्यांच्याकडील माहितीच्या कोठारात हात घालण्याला होता, कोठार असण्याला नव्हता. (गोपनीयतेच्याच एका मोहिमेवर मी सही करायला गेलो, तेव्हा ब्राउझरमध्ये पाहिले तर ते पान माझी भेट तीन जाहिरात कंपन्यांना कळवत होते. मी सही न करताच परतलो.)

मितभाषी:
आडवळण यांचे निदान पटते, पण काहीच साधले नाही असे त्यातून निघू नये. पेट्रियट कायदा या अमेरिकेच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम २१५ चा आधार घेऊन अमेरिकनांच्या फोन कॉलच्या नोंदी सरसकट गोळा केल्या जात होत्या. ७ मे २०१५ रोजी तेथील एका अपील न्यायालयाने हे त्या कलमात बसत नाही असा निर्वाळा दिला आणि २ जूनला नवा कायदा झाला. त्यानंतर नोंदी फोन कंपन्यांकडेच राहिल्या व विशिष्ट क्रमांकापुरती मागणी करणे भाग पडले.

'बोलणे ऐकले नाही, नुसत्या नोंदी घेतल्या' या बचावाला फसू नये. सकाळी रक्ततपासणी प्रयोगशाळेचा फोन, लगेच कर्करोगतज्ज्ञाच्या दवाखान्याला चार मिनिटे, नंतर विमा कंपनीला वीस मिनिटे आणि रात्री बहिणीला दीड तास, एवढी यादी हाती आली की संभाषण ऐकण्याची गरज उरते का?

पहारेकरी:
गुन्ह्याचा तपास मग कसा करायचा, हेही सांगावे.

मितभाषी:
संशयिताचे नाव घेऊन आणि न्यायाधीशांची परवानगी काढून. आक्षेप तपासाला नाही, सर्वांचेच आधी गोळा करून ठेवण्याला आहे.

तारायंत्र:
कायद्यापेक्षा मोठा बदल अभियंत्यांनी केला, असे माझे मत आहे. ५ जून २०१४ च्या मोहिमेने खासदारांऐवजी संकेतस्थळे चालवणाऱ्यांना साद घातली, की एचटीटीपीएस वापरा, म्हणजे संकेतस्थळ आणि वाचक यांच्यातली देवाणघेवाण कूटबद्ध करा, वाटेत कोणाला वाचता येऊ नये अशी. त्या वेळी त्यासाठी लागणारे, संकेतस्थळाची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र विकत घेणे आणि ते बसवणे छोट्या संकेतस्थळांना जिकिरीचे वाटे. २०१५ च्या अखेरीस 'लेट्स एन्क्रिप्ट' हा ना-नफा उपक्रम ते फुकट देऊ लागला. एप्रिल २०१६ पर्यंत व्हॉट्सॲपचे संदेशही दोन्ही टोकांपर्यंत कूटबद्ध झाले. अर्थात यामुळे मजकूर झाकला जातो. कोण कोणाशी बोलले, हे झाकले जात नाही.

शंकासूर:
सर्वांचे आभार. मग अमेरिकेच्या परकीय गुप्तवार्ता पाळत कायद्यातले (फिसा) परदेशी व्यक्तींवरील पाळतीचे कलम ७०२ कसे टिकले?

आडवळण:
एप्रिल २०२४ मध्ये त्याला आणखी दोन वर्षे मिळाली. त्यातून जमा झालेल्या साठ्यात अमेरिकनांचे संदेश धुंडाळण्यापूर्वी वॉरंट घ्यावे, अशी दुरुस्ती प्रतिनिधीगृहात आली होती. अमेरिकेबाहेरच्या माणसाच्या पदरात तिनेही काही पडणार नव्हते. मतदान २१२ विरुद्ध २१२ असे झाले आणि बरोबरी झाल्यामुळे ती फेटाळली गेली.